प्रश्नांचा कॅट : अकरा रविवार खेळून झाल्यावर

वाद घालायला आमच्या घरात कधी साहित्य लागलं नव्हतं. तरी मी ते पैसे मोजून मागवलं: तत्त्वज्ञानातल्या प्रश्नांवर वाद घालायचा पत्त्यांचा खेळ. मजबूत खोका, आत १२० पत्ते, चार रंग: भाषेचा निळा, ज्ञानाचा पिवळा, नीतीचा तांबडा आणि अर्थाचा हिरवा, प्रत्येकी तीस. शिवाय दहा कोरे पत्ते, तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ, 'हरकत' असं कोरलेल्या चार लाकडी चकत्या आणि सोळा पानांची नियमावली. पत्त्याच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागे चार-पाच ओळींत त्या प्रश्नाची जन्मकथा: कोणी विचारला, कोणत्या साली. मूळ संच इंग्रजी, हा त्याचा मराठी अवतार. उत्पादकाचं नाव लिहीत नाही. एक तर या धर्तीचे संच बरेच निघालेत, आणि दुसरं कारण शेवटी कळेल.

मी मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढून पोट भरते. खोका उघडल्यावर इतर माणसं प्रश्न वाचतील, मी आधी पत्ते मोजले. १२० भरले. मग अनुक्रमाने लावले, तेव्हा ७८ दोनदा निघाला आणि ८७ नव्हताच. तोंडाने म्हणताना अठ्ठ्याहत्तर आणि सत्त्याऐंशी यांची गल्लत कुणीही करणार नाही. ती फक्त डोळ्यांनी होते. त्याच दिवशी कंपनीला मेल टाकली. त्या मेलचं काय झालं तेही शेवटी.

खेळायला चौघं: मी, दादा, वहिनी आणि सोळा वर्षांचा भाचा. दादा हिशेब लिहितो. वहिनी अतिदक्षता विभागात नर्स आहेत. भाचा अजून काही नाही, पण त्याचं मत सगळ्यावर आहे.

नियमावलीबद्दल आधी सांगते, कारण तिनेच पहिला रविवार नासवला. एकाने पत्ता उचलायचा, वाळू पडेपर्यंत आपली बाजू मांडायची, बाकीच्यांनी चकती टाकून हरकत घ्यायची, हरकत टिकली की गुण. भाचा सहा गुणांनी जिंकला. संध्याकाळभर त्याने स्वतःचं असं एकही वाक्य उच्चारलं नाही. "कशावरून?", "नेहमीच?", "म्हणजे नक्की काय?" एवढ्या तीन शब्दप्रयोगांवर त्याने तिघा मोठ्या माणसांना लोळवलं. वहिनी शेवटी वैतागल्या, "अरे पण तुझं म्हणणं काय?" तर म्हणतो, "माझं काहीच म्हणणं नाही, आई. मी फक्त हरकत घेतोय."

याला नाव आहे, आणि ते आपल्या तोंडात रोज असतं. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्काच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेच्या तीन तऱ्हा सांगितल्यात: वाद, जल्प आणि वितंडा. वाद खरं काय ते काढायला, जल्प कसंही करून जिंकायला. वितंडेत तर माणूस स्वतःचा पक्षच मांडत नाही, समोरच्याचा तेवढा पाडतो. आपण कुठल्याही कंटाळवाण्या भांडणाला वितंडवाद म्हणून मोकळे होतो. मूळ शब्द चांगला धारदार आहे. मी हे भाच्याला सांगितलं. तो ओशाळेल असं वाटलं होतं. त्याला उलट आपल्या खेळाला दोन हजार वर्षांचं कूळ मिळाल्याचा आनंद झाला. त्यात मी आणखी एक चूक केली: वाक्छलाचं जुनं उदाहरण सांगितलं. एक जण म्हणतो, 'याच्याकडे नव कंबल आहे', म्हणजे नवं घोंगडं. समोरचा 'नव'चा अर्थ नऊ असा घेऊन विचारतो, 'नऊ कुठायत? एकच तर दिसतंय.' पुढचे चार दिवस घरात कुणाला 'नव' अक्षराने सुरू होणारा शब्द वापरायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या रविवारी गुण रद्द केले. चकत्या ठेवल्या, पण अट घातली: चकती टाकणाऱ्याने मागोमाग स्वतःचं मत सांगायचं. तेव्हापासून हा संच कामाला लागला. तुम्ही घेतलात तर नियमावलीची पाच ते नऊ ही पानं न वाचताच उलटा.

वाळूचं घड्याळ तीन मिनिटांचं नाही. मोबाइलवर लावून पाहिलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद. तरी या घड्याळाने एक संध्याकाळ एकट्याने खाल्ली, ती अशी. निळा पत्ता क्रमांक १२: वाळूचा एक कण म्हणजे ढीग नव्हे, एक कण वाढवल्याने ढीग नसलेल्याचा ढीग होत नाही, तर मग ढीग होतो कधी? इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या मिलेटसच्या युबुलिडीसच्या नावावर हे कोडं आहे. ('मी आत्ता खोटं बोलतोय' हा पेचही त्याच्याच नावावर सांगतात. भाच्याचा आदर्श कोण असावा हे त्या दिवशी ठरलं.) भाच्याने घड्याळ आडवं केलं आणि तिरकं करत करत थोडी थोडी वाळू खाली सोडू लागला. "आता ढीग? आता?" मी म्हटलं, दिसला की सांगेन. दादा चष्मा पुसत म्हणाला, "ढीग कधी झाला ते मला नको विचारूस. कुठल्या तारखेला नोंदवायचा ते सांग, मी नोंदवतो." आम्ही हसलो, पण वहिनींना ते पटलं होतं. त्या म्हणाल्या, "तापाचं तसंच आहे. ३७.९ ला ताप नाही आणि ३८ ला आहे, हे पेशंटच्या अंगाला माहीत नसतं. तक्त्याला माहीत असतं. आणि तक्त्यावर रेघ नसती तर रात्री मी कुणाला उठवायचं ते ठरवू शकले नसते." पत्त्याच्या मागे चार ओळी होत्या. त्यांत हे नव्हतं.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. ती धंद्याची तक्रार आहे, म्हणून जरा लांबेल.

पिवळे पत्ते, म्हणजे ज्ञानाचे. यांतले निदान आठ पत्ते इंग्रजीतल्या एका क्रियापदाभोवती फिरतात, आणि अनुवादकाने त्या क्रियापदाला सगळीकडे 'जाणणे' हा एकच शब्द ठोकून बसवलाय. 'तुम्ही पोहणे जाणता का? आणि पाणी दोन वायूंचं बनलेलं आहे हे जाणता का? ही दोन्ही जाणणी एकाच प्रकारची का?' मागे लिहिलंय की गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये हा भेद ठळकपणे मांडला. मांडला असेल, पण मराठी माणूस या प्रश्नाला अडखळणार कुठे? मला पोहता येतं. पाण्याचं मला माहीत आहे. शेजारणीला मी ओळखते. तिचा स्वभाव मला कळतो. चारही ठिकाणी वेगळं क्रियापद आहे आणि पाच वर्षांचं मूलही त्यांची अदलाबदल करत नाही. इंग्रजीत जिथे दार शोधावं लागतं तिथे आमच्याकडे भिंतच नाही. दादाने पत्ता परत ठेवला. "यात काही अर्थ नाही."

पत्ता ठेवला पण विषय सुटला नाही, आणि हीच गंमत मला या संचात पुन्हा पुन्हा दिसली: पत्ता फसला की बोलणं रंगतं. भाचा एकदम म्हणाला, "आत्या, 'मला माहीत आहे', 'मला येतं', 'मला कळतं', 'मला आठवतं'. सगळीकडे 'मला'. पण 'मी विसरलो'. विसरायला मी आणि आठवायला मला?" बावीस वर्षं मी मराठी वाक्यं तपासतेय. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. खरंच, आठवण आपल्याकडे येते, आपण आणत नाही. विसरण्याचं खापर मात्र 'मी'वर. मग चौघंही वह्या घेऊन बसलो. 'मला वाटतं' पण 'मी मानतो'. 'मला समजलं' पण 'मी समजून घेतलं'. दादाने 'मला राग आला' आणि 'मी रागावलो' ही जोडी काढली आणि त्यांत जबाबदारीचा फरक आहे का यावर वहिनींशी त्याचं खाजगी स्वरूपाचं बोलणं सुरू झालं. ते इथे देत नाही.

असा एक पत्ता या संचात हवा होता. मराठीत बसून कुणी प्रश्न केले असते तर तो आला असता.

थांबलेल्या घड्याळाचा पत्ता मात्र चांगला आहे. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय हे ठाऊक नसलेला माणूस त्याकडे बघतो, आणि योगायोगाने तीच वेळ असते. त्याचं उत्तर बरोबर, त्याला खात्री, खात्रीला कारणही आहे. मग त्याला वेळ माहीत होती का? घड्याळ बर्ट्रंड रसेल यांचं, १९४८ चं. त्या धर्तीच्या पेचांवरून ज्ञानाच्या जुन्या व्याख्येला (खरी आणि सकारण खात्री म्हणजे ज्ञान) सुरुंग लावला एडमंड गेटियर यांनी १९६३ मध्ये, अवघ्या तीन पानांच्या लेखात. मागच्या मजकुरात हे सगळं नीट दिलंय. पण आठव्या शतकातला बौद्ध आचार्य धर्मोत्तर तिथे नाही, आणि मला ते खटकलं. त्याचं उदाहरण घड्याळापेक्षा देखणं आहे: विस्तव नुकताच पेटवलाय, धूर अजून निघायचाय, वर किड्यांचा थवा घोंगावतोय. लांबून बघणाऱ्याला तो थवाच धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव तर आहेच! गेटियरच्या हजाराहून अधिक वर्षं आधी हे लिहून झालंय. मराठी आवृत्ती काढताना कुणी एवढं शोधलं असतं तर मी या परीक्षणात एक तारा वाढवला असता.

दादाचं मत: माहीत नव्हतं. वहिनींचं: काय फरक पडतो, विस्तव होता ना? भाच्याचं: त्याला 'माहीत' होतं पण 'कळलं' नव्हतं. हे तिसरं उत्तर मी अजून चघळतेय.

याच पिवळ्या गठ्ठ्यात ऐकीव ज्ञानाचे तीन पत्ते आहेत. दुसऱ्याने सांगितलेलं आपल्याला 'माहीत' असतं का? यावर आपल्याकडे जुनं भांडण आहे. चार्वाक एकच प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळण्याचं साधन, मानतात: प्रत्यक्ष. बौद्ध तार्किक दोन, प्रत्यक्ष आणि अनुमान. नैयायिक, म्हणजे न्यायसूत्रं मानणारे, चार मानतात आणि त्यांत शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं, हे स्वतंत्र प्रमाण आहे. भाच्याने जोरात चार्वाकाची बाजू घेतली. मी विचारलं, तुझा जन्म कधीचा? म्हणाला तारीख. "प्रत्यक्ष पाहिलीस?" तो गप्प झाला, फार वेळ नाही, पण झाला.

त्यावरून आम्ही घरचा नियम केला, आणि सगळ्या संचात मला सर्वांत जास्त उपयोग या एका नियमाचा झाला. जे स्वतः पाहिलेलं, मोजलेलं, अनुभवलेलं नाही त्या वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावायचं. मराठीने हा एवढासा शब्द फुकट दिलाय. 'तो आला' आणि 'तो आला म्हणे' यांत सगळं ज्ञानशास्त्र बसतं. पाचव्या रविवारी दादा बाजारभावांपासून हवामानापर्यंत वीस मिनिटं बोलला आणि एकूण एक वाक्य 'म्हणे'ने संपलं. शेवटी शेवटी त्याचाच आवाज खाली आला. वहिनींनी मात्र त्या संध्याकाळी एकदाही 'म्हणे' वापरलं नाही. त्या बोलल्याही चारच वाक्यं.

निळ्या पत्त्यांबद्दल फार लिहीत नाही. 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे' हे वाक्य खरं की खोटं? रसेल, १९०५. फ्रान्सला राजाच नाही, मग काय म्हणायचं? प्रश्न छान आहे, पण रसेलच्या लेखाचा अर्धा जीव इंग्रजीतल्या 'द' या टिकलीएवढ्या शब्दात, आणि मराठीत तो शब्दच नाही. मागच्या मजकुरात 'द या शब्दाचे विश्लेषण' असं छापलंय. दादाला वाटलं पहिलं अक्षर गळलंय. शुक्रताऱ्याचा पत्ता (फ्रेगे, १८९२: पहाटेचा तारा आणि सांजेचा तारा एकच, तर 'हा तो आहे' हे कळण्यात नवं काय कळलं?) सरळ आहे आणि चालतो. बाकी बरेच पत्ते शब्दकोड्याच्या अंगाने जातात. पण 'आपण' आणि 'आम्ही' यांच्यावर एकही पत्ता नसावा? ऐकणाऱ्याला आत घेणारं 'आपण' आणि बाहेर ठेवणारं 'आम्ही', इंग्रजीला दोन्ही एकच. वहिनींच्या विभागातले डॉक्टर पेशंटला म्हणतात, 'आपण औषध बदलू या.' बदलणार ते, घेणार तो, आणि मध्ये हे 'आपण'. त्यावर आम्ही (तुम्ही त्यात नाही) दीड तास बोललो.

आता तांबडे. पैसे वसूल होतात ते इथे.

रुळांवरच्या गाडीचा पत्ता असणारच होता. गाडी सुटलीय, पुढे पाच माणसं, खटका ओढलात तर दुसऱ्या रुळावरचा एक मरेल. मागे श्रेय जुडिथ जार्विस थॉमसन यांना दिलंय. दुरुस्ती करते: गाडी फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये आणली, आणि तिथे निर्णय चालकाचा होता; थॉमसन यांनी १९७६ मध्ये त्या पेचाला त्याचं प्रसिद्ध नाव दिलं आणि पुढे तो वाढवला. असो. वहिनींनी पत्ता वाचला आणि खाली ठेवला. "गाडी अशी येत नाही कधी. दोन खाटा आणि तीन माणसं अशी येते. ठरवतं कुणी दुसरंच, आणि हात माझा असतो." भाच्याने चकती उचलली होती ती तशीच हातात राहिली.

खुनी दारात येऊन विचारतो, तुमचा मित्र घरात आहे का? कांटने १७९७ मध्ये लिहिलं की त्यालाही खोटं सांगू नये. इथे मराठीने आम्हाला अडवलं, आणि चांगलंच अडवलं. आपलं 'खोटं' दोन कामं करतं. विधान खोटं असतं आणि माणूसही खोटं बोलतो. मित्र घरात आहे असं समजून मी 'नाही' म्हटलं, आणि तो तेवढ्यात मागच्या दाराने निसटला होता. तर मी खोटं बोलले का? विधान खरं निघालं. दादा म्हणाला, मग नाहीच बोललीस. ऑगस्टीनने सुमारे ३९५ साली याची तड लावलीय: खोटेपणा बोलणाऱ्याच्या मनावर ठरतो, गोष्ट खरी निघते की नाही यावर नाही. भाच्याने ऑगस्टीनच्या बाजूने शाळेतला एक प्रसंग सांगितला. तो सांगण्यात त्याने स्वतःचं बरंच नुकसान करून घेतलं, कारण दादाला तो प्रसंग तोवर माहीत नव्हता.

त्यावरच वहिनी बोलायला लागल्या. रात्री पेशंट विचारतात, 'सिस्टर, मी बरा होईन ना?' तिथे 'ना' आहे, त्या म्हणाल्या, ते ऐकायचं असतं. 'मी बरा होईन का?' असं क्वचित कुणी विचारतो. त्याला माहिती हवी असते, त्याला डॉक्टरांकडे पाठवायचं. 'होईन ना?' म्हणणाऱ्याला माहिती नको असते. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणता, वहिनी?" त्या म्हणाल्या, "मी त्यांच्या उशा नीट करते." वाळू संपली होती. घड्याळ उलटं कुणी केलं नाही, आणि त्या रात्री दुसरा पत्ता निघाला नाही.

आणि आता पत्ता क्रमांक ७८, जो माझ्याकडे दोनदा आलाय. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९५६ च्या एका व्याख्यानातलं उदाहरण आहे. तुमचं गाढव आणि माझं गाढव एकाच कुरणात चरतात. मला माझं नकोसं होतं. मी नेम धरते, गोळी झाडते, गाढव पडतं, जवळ जाऊन बघते तर ते तुमचं. दुसऱ्या प्रसंगात मी नेम माझ्याच गाढवावर धरलाय, पण ऐन वेळी जनावरं हलतात आणि तुमचं पडतं. तुमच्या दारात येऊन मी काय सांगायचं? इंग्रजीत या दोन सबबींना दोन वेगळे शब्द आहेत आणि माणसं ते नकळत अचूक वापरतात, एवढं दाखवायला ऑस्टिनला दोन गाढवं लागली. मराठी पत्त्यावर छापलंय: 'पहिल्या प्रसंगी चुकून, दुसऱ्या प्रसंगी अपघाताने.'

"दोन्हीत चुकूनच की," भाचा म्हणाला. आणि बरोबर होतं त्याचं. शेजाऱ्याच्या दारात उभं राहून 'अपघाताने तुमचं गाढव मारलं' असं मराठीत कुणी म्हणणार नाही, ते फक्त जबाबात लिहितील. मी अनुवादकाला नावं ठेवायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादा, ज्याला कशातच अर्थ दिसत नाही तो दादा, म्हणाला, "चुकलं काय ते बघा ना. पहिल्यात नजर चुकली, दुसऱ्यात नेम चुकला."

मी उठून उभी राहिले. नजरचूक! दिवसातून दहा वेळा मी हा शब्द लिहिते. मराठी शब्द नुसतं 'चुकून' म्हणून थांबत नाही, विचारलं तर काय चुकलं तेही सांगतो: नजर, नेम, वेळ, हिशेब, अंदाज, पाऊल. हे 'अपघाताने'च्या जागी छापलं असतं तर पत्ता इंग्रजीहून सरस झाला असता. त्यानंतर वहिनींनी तिसरी पायरी काढली. ग्लास फुटला. माझ्या हातून ग्लास फुटला. मी ग्लास फोडला. काच तेवढीच, आवाज तोच. नव्या मुली नोंदवहीत लिहितात 'बाटली पडली', जणू बाटलीनेच ठरवलं. त्यांना रागवायचं तर सगळ्या वहीत 'हातून' हा शब्द एकीनेही लिहिलेला नसतो, आणि तोच तर खरा असतो, असं त्या म्हणाल्या. 'हातून' म्हणताना हात माझाच असतो, इच्छा नसते.

त्या एका पत्त्यावर दोन रविवार गेले. दोन प्रती असल्याचं दुःख थोडं कमी झालं.

हिरव्या पत्त्यांत जीव नाही. 'जगण्याचा अर्थ काय', 'तुमच्या असण्याला अर्थ कशाने येतो', तीसपैकी वीस पत्ते वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रावर खपतील. एकच लक्षात राहिला: रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये कल्पिलेलं यंत्र, जे हवे ते सगळे अनुभव खरेखुरे वाटतील असे देतं; त्याला आयुष्यभरासाठी स्वतःला जोडून घ्याल का? भाचा 'हो' म्हणाला, पण एक अट घातली: आई-बाबांना पण शेजारच्या खुर्चीत बसवा. वहिनींनी त्याला समजावलं की त्याला ते दिसणारच, ते खरे असोत नसोत. "नाही," तो म्हणाला, "खरेच बसवा." नोझिकचा मुद्दा पत्त्याच्या मागच्या बाजूपेक्षा त्याने बराच आटोपशीर सांगितला. बाकी अर्थाबद्दल आमच्या घरची नोंद अशी: अकरा रविवारांत दादा 'यात काही अर्थ नाही' असं चौदा वेळा म्हणाला (भाच्याने रेघा मारून ठेवल्यात) आणि त्यातल्या एकाही वेळी खेळ सोडून उठला नाही.

छपाई: कागद जाड, कोपरे गोल, रंग टिकलेत. शुद्धलेखनाच्या एकवीस चुका. यादी मी ठेवलीय. एका निळ्या पत्त्यावर क्वाइन यांच्या १९६० च्या सशाच्या कोड्यातला (अनोळखी भाषेतला माणूस ससा बघून एक शब्द उच्चारतो, त्याचा अर्थ 'ससा'च कशावरून?) तो परका शब्द पुढे 'गवागाई' आणि मागे 'गवगाई' असा आहे. त्या भाषेचा अर्थ कुणालाच माहीत नाही हेच कोडं आहे, म्हणून हरकत घेतली नाही.

आता ती मेल. ८७ पाठवा, ७८ जास्तीचा आहे, एवढंच लिहिलं होतं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: 'आपली गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत.' मी ते सहाव्या रविवारी कोऱ्या पत्त्यावर उतरवून टेबलावर ठेवलं. ऑस्टिनच म्हणतात (निळा पत्ता, १९५५ ची व्याख्यानं) की काही वाक्यं माहिती देत नाहीत, कृती करतात. 'मी माफी मागतो' म्हणणं हेच माफी मागणं. मग 'झाली असल्यास' म्हणून मागितलेली माफी मागितली गेली का? दादाचं म्हणणं, ती रक्कम न लिहिलेल्या धनादेशासारखी आहे. वहिनींना त्यात गैर वाटलं नाही: लिहिणाऱ्या मुलीला माझी गैरसोय झाली की नाही हे खरंच माहीत नव्हतं, तिने 'असल्यास' लिहिलं ते प्रामाणिकपणे. भाच्याने विचारलं, "पण आत्या, तुझी गैरसोय झाली का? तुला तर मजा येतेय." तेव्हा चकती मीच टाकली, आणि मत काय द्यावं ते मला सुचलं नाही.

मागवायचा तर मागवा, पण शब्दांवर अडणारं एक तरी माणूस घरात हवं, आणि न अडणारंही एक. दोघांसाठी घेऊ नका. हरकत घेणाऱ्याला प्रेक्षक लागतो. कोऱ्या पत्त्यांपैकी सात आम्ही भरलेत. विसरायला मी आणि आठवायला मला, हा त्यांतला पहिला.

गेल्या आठवड्यात कंपनीचं पाकीट आलं. सोबतच्या चिठ्ठीवर 'नजरचुकीबद्दल क्षमस्व' असं लिहिलंय, 'असल्यास' गळलंय. आत एक पत्ता, क्रमांक ७८. तर आता माझ्याकडे तीन कुरणं आणि सहा गाढवं आहेत. ज्यांच्याकडे पूर्ण संच असेल त्यांनी ८७ वर काय छापलंय ते खाली कळवावं. स्वतः वाचलं नसेल तर शेवटी 'म्हणे' लावावं.